खिडकीतून दिसलेलं यंत्र

फोनवर चॅटजीपीटी उघडलं की समोर एक रिकामी चौकट येते. आपण काहीतरी लिहितो, खाली उत्तर उमटतं. ही चौकट आता इतकी अंगवळणी पडली आहे की आपण तिलाच 'एआय' म्हणतो. पण यंत्र त्या चौकटीत नसतंच. ते कुठल्या तरी दूरच्या डेटासेंटरमध्ये असतं. आपल्यासमोर असते ती त्याची खिडकी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि पोटापाण्यासाठी अशा खिडक्याच बनवतो. यंत्राला शिकवणारी टीम वेगळी असते, तिचे पगारही वेगळे असतात. आम्ही ब्राउझरवाले सगळ्यात शेवटी येतो, बटण कुठं ठेवायचं ते ठरवायला. त्यामुळे असेल, पण एआयचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते. त्यात मॉडेलांची नावं असतात, कंपन्यांची असतात, चिपांची असतात. खिडकीचं नाव कुठंच नसतं. आणि यंत्र कुणावर अन्याय करतंय हे बाहेरच्या लोकांना कळलं कसं, याचा माग काढायला गेलं की वाट बऱ्याचदा खिडकीपाशीच येते.

म्हणून हा त्या खिडकीचा इतिहास, मला दिसला तसा.

एक चौकट, एक बटण

सुरुवात १९९७ च्या डिसेंबरात करू. तेव्हा अल्टाव्हिस्टा नावाचं सर्च इंजिन जोरात होतं. त्यांनी सिस्ट्रान या कंपनीचं भाषांतराचं सॉफ्टवेअर एका वेब पेजमागे बसवलं आणि त्याला 'बेबल फिश' हे नाव दिलं. डग्लस ॲडम्सच्या कादंबरीत एक मासा आहे. तो कानात घातला की विश्वातली कुठलीही भाषा कळायला लागते. नाव त्याच्यावरून घेतलेलं. हे यंत्र डेटावरून शिकलेलं नव्हतं. माणसांनी लिहिलेले व्याकरणाचे नियम आणि शब्दकोश यांच्यावर ते चालायचं. पण खिडकी आजच्यासारखीच होती: एक चौकट, एक बटण.

लोकांनी लगेच एक खेळ शोधून काढला. इंग्रजी वाक्य फ्रेंचमध्ये न्यायचं, ते फ्रेंच पुन्हा इंग्रजीत आणायचं आणि परत आलेलं वाक्य वाचून हसायचं. हसता हसता ते एक काम करत होते. यंत्राला काय जमत नाही हे दोन क्लिकमध्ये तपासत होते, आणि त्यासाठी त्यांना प्रोग्रॅमिंग यावं लागत नव्हतं.

२००६ साली गूगल ट्रान्सलेट आलं. त्यानं नियमांची वाट सोडली आणि आकडेवारीची धरली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कागदपत्रांसारखा, एकच मजकूर अनेक भाषांत असलेला साठा वाचून ते शिकलं होतं. मराठी त्यात आली मे २०१३ मध्ये. पुढे एप्रिल २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल नेटवर्कवर चालणारं भाषांतर सुरू झालं आणि मराठी वाक्यं जरा माणसांत आली.

आतली तार

भाषांतर ही तयार वस्तू होती. स्वतःच्या कामासाठी मशीन लर्निंग हवं असेल तर? २०१० पर्यंत उत्तर सरळ होतं: गणित शिका, सर्व्हर घ्या, कोड लिहा. त्या वर्षी मे महिन्यात गूगलनं 'प्रेडिक्शन एपीआय' जाहीर केलं. आपला डेटा एका तक्त्यात भरून पाठवायचा, शिकायचं काम गूगलच्या सर्व्हरवर व्हायचं, आणि मग नवीन नोंद पाठवली की अंदाज परत यायचा. शिकवणीतलं उदाहरण साधं होतं: वाक्य इंग्रजी आहे, स्पॅनिश आहे की फ्रेंच, ते ओळखा.

याला वेब सर्व्हिस म्हणतात. बँकेच्या काउंटरसारखंच असतं ते. ठरलेल्या नमुन्यात अर्ज भरून दिला की पलीकडून ठरलेल्या नमुन्यात पावती येते. फरक एवढाच की इथं अर्ज भरणारा माणूस नसतो, दुसरा प्रोग्रॅम असतो. माणसाला त्या काउंटरपाशी जायचं तर काळ्या पडद्यावर लांबलचक कमांड लिहायला लागायची. एक कंस चुकला की अर्ज परत.

मग २०११ च्या सुमारास गूगलनं 'एपीआय एक्सप्लोरर' काढलं. मला ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू वाटते. हे एक वेब पेज होतं. सेवांची यादी दिसायची. एक निवडली की तिला कोणकोणते प्रश्न विचारता येतात ते दिसायचं. त्यातला एक निवडला की भरायला रकाने यायचे. भरा, बटण दाबा, खाली उत्तर. प्रेडिक्शन एपीआयही त्या यादीत होतं.

गंमत अशी की हे रकाने कुणी प्रत्येक सेवेसाठी हातानं बनवलेले नव्हते. प्रत्येक सेवा स्वतःची ओळख एका फाइलमध्ये लिहून ठेवायची: मला अमुक विचारता येतं, त्यासाठी तमुक माहिती लागते, उत्तर या स्वरूपात मिळेल. एक्सप्लोरर ती फाइल वाचायचा आणि त्यावरून फॉर्म उभा करायचा. सेवा बदलली की फॉर्मही बदलला. म्हणजे यंत्राला आधी स्वतःबद्दल सांगायला लावलं होतं. त्याच काळात स्वॅगर नावाच्या प्रकल्पानं हीच पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. २०१२ मध्ये बंगळुरूच्या अभिनव अस्थाना यांनी क्रोम ब्राउझरमध्ये बसणारं पोस्टमन नावाचं छोटं एक्स्टेन्शन काढलं, तेही याच गरजेतून. आज जगभरचे इंजिनिअर ते वापरतात.

या खिडक्या प्रोग्रॅमरांसाठी होत्या, प्रोग्रॅमरांचा वेळ वाचावा म्हणून. पण खिडकी एकदा पाडली की तिच्यातून कोण डोकावेल ते पाडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

डोकावणारे लोक

एप्रिल २०१५ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टच्या दोन इंजिनिअरांनी परिषदेत दाखवण्यासाठी एक पेज बनवलं. फोटो टाका, चेहरे ओळखणारी सेवा तुमचं वय आणि लिंग सांगेल. त्यांनी काहीशे लोकांना ईमेल केला आणि निदान ५० जण तरी येतील अशी आशा धरली. काही तासांत ३५,००० हून जास्त लोक आले, त्यातले बहुतेक तुर्कस्तानातले. 'हाउ ओल्ड' नावाचं ते पेज तुम्हालाही आठवत असेल. काकांना तिशीत आणि भाच्याला पन्नाशीत बसवून त्यानं कितीतरी कौटुंबिक ग्रुप हसवले.

हसण्यापलीकडचा प्रश्न विचारला जॉय बुओलामविनी यांनी. एमआयटी मीडिया लॅबमध्ये शिकत असताना एका प्रकल्पासाठी त्या चेहरा टिपणारं सॉफ्टवेअर वापरत होत्या. त्यांचा काळा चेहरा त्याला दिसेना. पांढरा मुखवटा घातला, लगेच दिसला. त्यांनी आणि टिमनिट गेब्रू यांनी मग तीन सेवा तपासायला घेतल्या: मायक्रोसॉफ्टची, आयबीएमची आणि फेस प्लस प्लसची. तिन्ही सेवा विकत मिळत होत्या. तिन्हींच्या आतलं काही दिसत नव्हतं. काउंटर मात्र उघडा होता. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन या सहा देशांतल्या १,२७० संसद सदस्यांचे फोटो त्यांनी या सेवांना पाठवले आणि 'स्त्री की पुरुष' याची उत्तरं गोळा केली. २०१८ मध्ये निकाल छापून आला. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण फार तर ०.८ टक्के होतं. सावळ्या आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं.

कंपन्यांच्या एकूण अचूकतेच्या आकड्यांत हे दिसत नव्हतं, कारण सरासरीत असं काही दिसतच नाही. पुढची वर्षं मागं वळून पाहिली तर परिणाम कळतो. जून २०२० मध्ये आयबीएमनं चेहरे ओळखण्याच्या सर्वसाधारण सेवेतून अंग काढून घेतलं. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चेहऱ्यावरून वय, लिंग आणि भावना सांगणारा भाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या अंदाजावर २०१५ मध्ये सगळे हसले होते, तोच हा.

सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रेव्हर पॅग्लेन आणि केट क्रॉफर्ड यांनी 'इमेजनेट रूले' नावाचं पेज उघडलं. यंत्राला चित्रं ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा इमेजनेट हा साठा माणसांच्या फोटोंना कोणती नावं देतो, ते स्वतःचा फोटो टाकून पाहता येत होतं. लोकांनी सेल्फी टाकले. काहींना साधी बिरुदं मिळाली. अनेक काळ्या आणि आशियाई लोकांना मात्र वांशिक शिव्या मिळाल्या. ही लेबलं वर्षानुवर्षं त्या साठ्यात पडून होती. संशोधकांनी तो साठा हजारदा वापरला होता, पण स्वतःचा चेहरा त्यात घालून पाहायची वेळ बहुतेकांवर आली नव्हती. त्याच महिन्यात इमेजनेटच्या चमूनं माणसांचे सहा लाख फोटो काढून टाकणार असल्याचं सांगितलं.

भाषांतराच्या चौकटीतही हेच घडलं. तुर्की भाषेत तो, ती आणि ते या तिन्हींसाठी एकच सर्वनाम आहे. तुर्कीतून इंग्रजीत नेताना गूगल ट्रान्सलेट डॉक्टरला पुरुष करायचं आणि नर्सला स्त्री. हे दोन वाक्यांत कुणालाही दाखवता येत होतं, आणि लोक दाखवत होते. डिसेंबर २०१८ पासून अशा तुर्की वाक्यांची दोन्ही भाषांतरं द्यायला गूगलनं सुरुवात केली.

खुंट्या असलेली खिडकी

२०१९ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात होतो. तेव्हा ग्रेडिओ आलं. स्टॅनफर्डमधले अबुबकर आबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अडचण अशी होती की मॉडेल बनवणारा एक, आणि ते बरोबर आहे की नाही हे कळणारा, म्हणजे डॉक्टर वगैरे, दुसरा. दुसऱ्याला कोड येत नाही. ग्रेडिओनं काय केलं? मॉडेलला काय द्यायचं आणि त्यातून काय येणार एवढं दोन-तीन ओळींत सांगितलं की ते वेब पेज तयार करून देतं. लिंक डॉक्टरला पाठवा, तो ब्राउझरमध्ये उघडून स्वतःच्या रुग्णाचा एक्स-रे टाकून पाहील. २०२१ च्या डिसेंबरात हगिंग फेसनं ग्रेडिओ विकत घेतलं. आज पुण्याच्या एल३क्यूब गटानं मराठीसाठी बनवलेली मॉडेलंसुद्धा हगिंग फेसवर सापडतात.

जून २०२० मध्ये ओपनएआयनं जीपीटी-३ ची सेवा सुरू केली. १७५ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल, आणि आत शिरायला प्रतीक्षायादी. ती यादी नोव्हेंबर २०२१ मध्ये संपली. सेवेसोबत एक पेज होतं, नाव 'प्लेग्राउंड'. मधोमध मोठी चौकट, उजव्या बाजूला खुंट्या. रेडिओला स्टेशन लावायची असते तशा. टेंपरेचर नावाची खुंटी शून्यावर ठेवली की यंत्र दर वेळी जवळपास तेच उत्तर द्यायचं. वाढवली की बहकायचं. आणखी एक सोय होती: प्रत्येक शब्दामागची शक्यता दाखवा. ती चालू केली की लिहिलेले शब्द रंगायचे, आणि एखाद्यावर क्लिक केलं की त्या जागी यंत्राच्या मनात दुसरे कोणते शब्द होते, किती टक्के, ते दिसायचं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यातला गोंधळ एका झटक्यात निवळला. यंत्राला उत्तर 'माहीत' नसतं. पुढचा शब्द कोणता असेल याची ते पैज लावतं. हे मी व्याख्यानांत ऐकलं होतं. इथं ती पैज लागताना दिसत होती.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि पाच दिवसांत दहा लाख लोक आले. माणसांच्या पसंतीनुसार वळण लावलेलं हे मॉडेल होतं हे खरं, पण जवळपास त्याच कुळातली मॉडेलं प्लेग्राउंडमध्ये कित्येक महिने उघडी होती आणि जग ढिम्म होतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त बदलली ती खिडकी. व्हॉट्सॲपसारखी झाली. माझ्या आईला वापरता आली.

त्या बदलात खुंट्या गेल्या. टक्के गेले. दुसरे कोणते शब्द मनात होते तेही गेलं. राहिलं ते एकच, सफाईदार, न अडखळणारं उत्तर. ५१ टक्क्यांची पैज आणि ९९ टक्क्यांची पैज, दोन्ही एकाच सुरात. खिडकी मोठी झाली आणि काच दुधी झाली.

मराठीची किंमत

प्लेग्राउंडजवळच ओपनएआयचं आणखी एक छोटं पेज होतं, टोकनायझर. यंत्र मजकूर शब्दांत वाचत नाही, तुकड्यांत वाचतं. त्यांना टोकन म्हणतात. सेवेचं बिल या तुकड्यांवर होतं. आपण लिहिलेल्या वाक्याचे किती तुकडे पडले ते या पेजवर दिसायचं.

मराठी टाकली की चुरा व्हायचा. कारण सोपं आहे. संगणकात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'नमस्कार' या शब्दात हलन्त आणि काना धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. तुकडे पाडण्याचा तक्ता मुख्यतः इंग्रजी मजकूर पाहून बनलेला, त्यामुळे इंग्रजी शब्द अख्खेच्या अख्खे त्यात होते आणि आपली अक्षरंही फुटत होती. तेच म्हणणं मराठीत म्हटलं तर बिल जास्त, आणि यंत्राच्या मर्यादित स्मरणात जागाही जास्त.

मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयनं नवा तक्ता जाहीर केला आणि तुलनाही दिली. एका नमुना मजकुराचे मराठीत पूर्वी ९६ तुकडे पडायचे, आता ३३. इंग्रजीत २७ चे २४ झाले. म्हणजे त्याआधी आपण त्याच मजकुरासाठी साडेतीनपट मोजत होतो. चॅटच्या खिडकीत हे कधीच दिसलं नसतं. तिथं मराठी छान चालत होती.

फ्लॅट आवडणारं यंत्र

हे सगळं परदेशातल्या मोठ्या नावांचं वाटू नये म्हणून एक जवळची गोष्ट सांगतो.

मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथं घरपोच मालाच्या ऑर्डरी यायच्या. पत्ता किती भरवशाचा हे सांगणारी एक सेवा कंपनीनं बाहेरून विकत घेतली होती. पत्ता पाठवला की शून्य ते एकमध्ये गुण यायचे. गुण कमी असले की त्या ग्राहकाला 'माल मिळाल्यावर पैसे' हा पर्याय दिसतच नसे. त्याला कारणही कळत नसे. ऑपरेशन्सच्या लोकांना त्या सेवेशी थेट बोलता यावं म्हणून मी एक पेज बनवलं होतं: पत्ता लिहा, गुण पाहा. बस.

तिथं एक ताई होत्या, मूळच्या सांगोला तालुक्यातल्या. त्यांनी सगळ्यात आधी स्वतःच्या माहेरचा पत्ता टाकला. मु. पो. अमुक, मरीआईच्या देवळाजवळ, ता. सांगोला, जि. सोलापूर, पिनकोडसकट. गुण आले ०.४१. मग त्यांनी गाव, तालुका, पिनकोड तसाच ठेवला, देऊळ काढलं आणि 'फ्लॅट नं. २, साई रेसिडेन्सी' असं मनानं घातलं. गुण ०.८३.

"अरे, याला फ्लॅट आवडतो," त्या म्हणाल्या. "आमच्या अख्ख्या गावात एक फ्लॅट नाही."

पोस्टमनला देवळाजवळचं घर बरोबर सापडतं आणि साई रेसिडेन्सी जन्मात सापडली नसती, हे त्यांना माहीत होतं. विक्रेत्याच्या अहवालात अचूकता उत्तम होती. तिथं पुन्हा सरासरीच होती. ताईंनी दुपारच्या चहापर्यंत अशा वीस जोड्या करून तक्ता बनवला. तो तक्ता वर गेला, आणि 'मु. पो.' असलेले पत्ते आधी माणसानं पाहायचे असं ठरलं. विक्रेत्याचं उत्तर यायला पुढं कित्येक आठवडे गेले.

ताईंकडे मॉडेल नव्हतं, कोड नव्हता. एक चौकट होती, समोर आकडा होता आणि गावाची माहिती होती. यातलं काहीही एक नसतं तर ते यंत्र अजून तसंच फ्लॅटवर खूश असतं.

खिडकी नसलेल्या भिंती

आज आपल्याबद्दल निर्णय घेणारी बरीच यंत्रं खिडकीशिवाय चालतात. कर्ज देणारं ॲप गुण काढतं, नोकरीचं पोर्टल बायोडेटा चाळतं, हजेरीचं ॲप चेहरा ओळखतं किंवा ओळखत नाही. आतून ही सगळी वेब सर्व्हिसच आहे. २०१० च्या त्या काउंटरसारखीच. फरक असा की तिथं आपण अर्जदार नसतो. आपण अर्जातला मजकूर असतो. आपल्याबद्दल काय विचारलं गेलं आणि काय उत्तर आलं, ते दुसऱ्याच कुणाला दिसतं.

तांत्रिकदृष्ट्या अशा प्रत्येक सेवेला तपासणीची खिडकी देणं अवघड नाही. मी हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ते एका इंजिनिअरचं आठवड्याभराचं काम असतं. खोटे अर्ज करून लोक यंत्राला फसवतील, अशी हरकत घेतली जाते. ती काही अंशी खरी आहे. त्यावर मर्यादा घालता येतात: दिवसाला ठरावीक प्रश्न, ओळख पटवून प्रवेश, संशोधकांना आणि ग्राहक संघटनांना वेगळी परवानगी. अडचण कोडची नाही. खिडकी पाडली की ताईंसारखं कुणीतरी तक्ता बनवणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तोवर ज्या खिडक्या उघड्या आहेत त्या तरी वापरू. पद्धत १९९७ पासून तीच आहे आणि फोनवरही जमते. एकच मजकूर दोनदा द्यायचा, मध्ये एकच गोष्ट बदलून. अर्जातलं आडनाव बदला, गाव बदला, 'तो' च्या जागी 'ती' करा, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. वीस जोड्या झाल्या की तक्ता होतो, आणि तक्ता समोर ठेवला की उत्तर द्यावं लागतं.